घोट्याची बदनामी

मी नातवाच्या कोचला सांगितलं की मुलगा आळशी आहे, खादाड आहे आणि त्याचा डावा घोटा कच्चा आहे. तेही शुद्ध इंग्रजीत. जन्मभर मुंबईच्या शाळेत इंग्रजी शिकवलं त्याचं हे फळ. मोडकंतोडकं बोलले असते तर निदान कोणाला कळलं तरी नसतं. तेव्हा मी अवघी एकोणसत्तर वर्षांची, अल्लड. आता एकाहत्तरीत जरा पोच आली आहे.

नातू वाढला शारजात, अल नहदाच्या आमच्या फ्लॅटमध्ये. बिल्डिंगमधली सगळी पोरं क्रिकेट खेळायची. याला सापडला अमेरिकन फुटबॉल. नाव फुटबॉल, आणि बॉलला पाय क्वचितच लागायचा! हा म्हणे त्यात रनिंग बॅक. म्हणजे बॉल पोटाशी धरायचा आणि रेड्याएवढ्या पोरांच्या घोळक्यात घुसून पळायचं. दुबईला सरावाला नेता-आणताना माझ्या मुलाची अर्धी संध्याकाळ जॅममध्ये जायची. मग हा अमेरिकेतल्या एका बारक्या कॉलेजात गेला. तिथे मॅचला माणसांपेक्षा रिकामे बाकच जास्त. पण हा असा पळाला की एका मोठ्या युनिव्हर्सिटीच्या कोचची नजर त्याच्यावर गेली. नक्की करण्याआधी कोचला घरच्यांशी व्हिडिओवर बोलायचं होतं. तिकडची पद्धत.

नेमके त्या संध्याकाळी मुलगा आणि सून जबल अलीच्या ऑफिसातून येताना जॅममध्ये अडकले. टॅबलेट वाजला. मी इस्त्रीची साडी नेसून तयारच होते.

"मॅडम, तुमच्या नातवाबद्दल काही सांगा ना," कोच म्हणाला.

आता आपल्यात घरच्या पोराचं कौतुक परक्यासमोर कोण करतं? दृष्ट लागते. शेजारीण म्हणाली, "हुशार आहे हो तुमचा," की आपण म्हणायचं, "कसला हुशार, काठावर पास होतो." मग ती म्हणते, "काहीतरीच काय!" आणि पुढचं सगळं कौतुक तिच्याच तोंडून होतं. कोचनं "काहीतरीच काय" म्हणावं म्हणून आळशीनंतर मी थांबले. तो म्हणेना. खादाडनंतर थांबले. तरी म्हणेना. मला वाटलं, आपलंच कमी पडतंय, म्हणून घोटा काढला. लहानपणी एकदा मुरगळला होता, तेवढंच. मी तो जन्माचा अधू करून टाकला. कोच मान खाली घालून लिहीत होता आणि मी मूर्ख मनात म्हणत होते, काय लक्ष देऊन ऐकतोय माणूस!

मुलगा धापा टाकत घरात शिरला. "आई, कोच काय म्हणाला?"

"तो कुठे काय म्हणाला? मीच बोलले."

काय बोलले ते ऐकून तो बूट न काढताच सोफ्यावर बसला. "खलास! अगं, पोरानं जुनं कॉलेज सोडलंय. तिथली त्याची जागा दुसऱ्याला देऊन झाली. यांनी घेतलं नाही तर पोरगा दोन्हीकडून गेला!"

"मग लाव परत. आता सगळं गोड गोड सांगते."

सुनेनं टॅबलेट उचलला आणि कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला. "आई, तुम्ही चहा घ्या," एवढंच म्हणाली. तिचा तो सूर अजून कानात आहे.

पुढे नातवाचे नुसते मेसेज. त्याचा घोटा यंत्रात घातला, मग त्याला पळवलं, मग घोटा पुन्हा यंत्रात. मी आधी कोचवर चिडले, साधी रीत कळत नाही मेल्याला. मग मुलावर चिडले, तासभर आधी निघायला काय झालं होतं? मग त्या खेळावर. शेवटी चिडायला माझ्याशिवाय कोणी उरलं नाही. बाकी कसली भीती वाटत नव्हती. आपल्या शहाणपणापायी पोराचं पळणं थांबलं तर त्याला तोंड कसं दाखवू, एवढीच काय ती.

मग एके दिवशी नाश्त्याच्या वेळी मुलाच्या फोनवर नातवाचा व्हिडिओ कॉल आला. फोन माझ्याच हातापाशी होता, मीच उचलला. अंगात नवी जर्सी, तोंडभर हसू आणि कपाळाला आठी.

"आजी, आय मेड इट, घेतलं त्यांनी. पण कोच विचारतोय, घोटा तर परफेक्ट आहे, मग ग्रँडमा असं का बोलली? त्याला काय सांगू? वेट, नो, तू नको सांगू. प्लीज आजी, बाबांना दे फोन."