चर्च विकत घेण्याआधीचा चहा

नाशिक सोडलं त्या दिवशी नाना, म्हणजे माझे वडील, रामकुंडावरचं कुणाचं तरी श्राद्ध आटोपून ओल्या सोवळ्यानेच आमच्या टॅक्सीपाशी आले. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरूंचं उपाध्येपण. आई कुठल्या डब्यात काय आहे ते सांगत होती. नानांनी एकच सांगितलं, “तिकडे चर्चच्या पायरीला पाय लावायचा नाही. गोड बोलून जवळ करतात ते लोक.” मी हो म्हटलं. मलाही तसंच वाटायचं.

इंग्लंडमधल्या ज्या लहान गावात माझ्या नवऱ्याला, मुकुंदला, नोकरी मिळाली, तिथे वर्षाच्या आत सई झाली. मुकुंद सकाळी सातला जायचा. दिवसभर बोलायला कुणी नाही. तपासायला येणारी नर्स म्हणाली, चर्चच्या हॉलमध्ये बाळांना घेऊन आया जमतात, हीटिंगही चांगलं आहे. मी गेले. नानांना फोनवर ‘कम्युनिटी सेंटर’ म्हणून सांगितलं.

तिथे जोन भेटली. सत्तरीची, नवरा गेलेला, सगळ्यांच्या चहाचं बघणारी. तिने सईसाठी स्वेटर विणून पिशवीत घालून दिले. घरी येऊन मी ती पिशवी उलटी करून झटकली. आत धर्माचं काहीतरी छापील असणार अशी खात्री होती. नव्हतं. पुढच्या खेपेला असेल, म्हटलं. तेव्हाही नव्हतं. सईला ताप आला तेव्हा ती उशाशी बसली, मला गाडी शिकवली, पण रविवारी ये असं दोन वर्षांत एकदाही म्हणाली नाही. त्याचाच जास्त संशय यायचा. एवढं कशासाठी करते ही?

मग चर्च विकायला निघणार असं कानावर आलं. रविवारी जेमतेम दहा-बारा म्हातारी माणसं यायची. तिथल्या मराठी लोकांचं आमचं मंडळ शाळेच्या हॉलमध्ये गणपती बसवायचं, त्यांना रामाच्या देवळासाठी कायमची जागा हवी होती. मुकुंद कमिटीवर. तो म्हणाला, “तुझी ती जोन चर्चच्या कारभारात आहे ना? जरा अंदाज घे. मंडळाचं नाव काढू नकोस.”

मी जोनकडे चहाला गेले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं. तिने सगळं सांगितलं, कोण ठरवणार, कधी, आणखी कोणाचा डोळा आहे. शेवटी म्हणाली की मागच्या आवारात तिच्या नवऱ्याला पुरलंय, शेजारी तिची जागा राखून ठेवली आहे. प्रार्थना होतेच, पण खरं तर ती त्याला भेटायला जाते. मी मान हलवली. घरी येऊन मुकुंदला हवं तेवढं सांगितलं.

चर्च मंडळाला मिळालं. थडग्यांना हात लावायचा नाही, हे करारात होतं. राम येणार म्हणून नाना फोनवर गहिवरले. जोन आमच्या दारात आली, आत आली नाही. “त्या दिवशी चहाला आलीस, ती यासाठी?”

मी नाही म्हटलं. ती बरं म्हणाली आणि गेली. गोड बोलून काम साधलं होतं ते मी.

आता तिथे आरती होते. मागच्या खिडकीतून कधी जोन फुलं घेऊन येताना दिसते, आणि मी खांबाआड सरकते.

यंदा नाशिकला आले तेव्हा, कॉलेजला जाताना रोज दिसायचं त्या जुन्या चर्चमध्ये पहिल्यांदा शिरले. झाडणाऱ्या बाई थांबल्या. “कोणाकडून आलात, ताई?” कुणाकडून नाही, जरा बसायचंय, म्हटलं. त्यांनी आडनाव विचारलं. सांगितल्यावर चेहरा आणखी मिटला. “शूटिंग नाय ना करायचं?” मी मोबाईल बंद करून बाकावर ठेवला. त्या दार सताड उघडं ठेवून मागे बसल्या, माझ्यावर नजर ठेवून. मला राग आला नाही. मीही हेच केलं असतं.

निघताना त्यांनी विचारलं, कोणासाठी आला होतात. एका बाईशी खोटं बोलले होते, तिच्यासाठी, असं माझ्या तोंडून निघून गेलं. हे मी मुकुंदलाही कधी बोलले नव्हते.

बाईंनी केरसुणी उचलली. “मग तिला जाऊन सांगा,” म्हणाल्या. “मला सांगून काय होणार?”

घर कुठलं म्हणून विचारलं तर मी अजून नाशिकच सांगते. पण मला आता ज्या दारापुढे जाऊन उभं राहायचंय, ते जोनचं आहे.