दस्तीखालची बोटं

मुखेडच्या बैलबाजारात लिंबाखाली टेबल मांडून आम्ही पुस्तकं विकत होतो. लोक खरंच घेत होते. विद्यापीठाच्या प्रकाशन विभागात माझी निम्मी नोकरी झाली होती, पण आमचं पुस्तक कुणी उभ्याउभ्या वाचताना मी पहिल्यांदाच बघत होतो. एक शेतकरी चष्मा पुसून शेवटचं पान वाचत होता. वाचता वाचता त्याने सोबत्याची बोटं धरली, चित्राबरहुकूम दाबली आणि दोघं हसायला लागले.

ते शेवटचं पान छापायचं नाही, असं लेखिकेने मला सांगितलं होतं.

थोडं मागून सांगतो. विद्यापीठाचं प्रकाशन म्हणजे प्राध्यापकांचे प्रबंध, चर्चासत्रांचे ग्रंथ. प्रकाशन समारंभ होतो, शाल-श्रीफळ होतं, काही प्रती कॉलेजांच्या लायब्ररीत जातात आणि उरलेले गठ्ठे आमच्या गोडाऊनमध्ये येतात. नांदेडच्या उन्हात त्या पत्र्याखाली कागदाचा, खळीचा एक गरम वास असायचा. मला तो आवडायचा. दुपारचा डबा मी तिथेच गठ्ठ्यावर बसून खायचो. ज्या गठ्ठ्यावर बसायचो तो वर्षानुवर्षं बदलायचा नाही, एवढंच वाईट वाटायचं.

मग नवे संचालक आले. ते म्हणाले, "ज्यांच्यावर संशोधन केलं त्यांना तरी वाचू द्या." त्यातून लोकआवृत्ती निघाली. म्हणजे जाडजूड प्रबंध साध्या मराठीत, पातळ पुस्तकात. पहिलंच हस्तलिखित आलं ते मीनाचं. ती उदगीरच्या कॉलेजात शिकवते. विषय होता हेडी, म्हणजे जनावरांचे दलाल. दोन हेडी समोरासमोर उभे राहतात, हातांवर दस्ती, म्हणजे मोठा रुमाल, टाकतात आणि तिच्याखाली बोटं दाबून भाव ठरवतात. बैलाचा मालक शेजारी उभा असतो. त्याला फक्त दस्ती हललेली दिसते. कोणतं बोट म्हणजे किती, हे मीनाने शेवटच्या परिशिष्टात चित्रांसह दिलं होतं. तिला ते तिच्या वडिलांनी शिकवलं होतं. व्यंकटराव स्वतः मुखेडच्या बाजारातले जुने हेडी.

लातूरच्या परीक्षकांनी कळवलं, परिशिष्ट हाच या पुस्तकाचा प्राण आहे. मलाही तसंच वाटत होतं. प्रूफं गेल्यावर मीनाचा फोन आला.

"सर, ते बोटांचं तेवढं काढता का?"

"अहो, परीक्षकांना तेच आवडलंय. आणि प्रबंधात आहेच की."

"प्रबंध कोण वाचतंय सर? बाबांनी ते लेकीला सांगितलं. बाजाराला न्हाई."

"बघतो," मी म्हणालो.

"बरं" म्हणून तिने फोन ठेवला. नोकरीत कायम होण्यासाठी तिला पुस्तक हवं होतं, आणि ते मला ठाऊक होतं. संध्याकाळी संचालकांनी विचारलं, "लेखिकेची काही हरकत?" मी म्हणालो, "काही नाही सर." एवढंच. मला एकदा तरी रिकामं गोडाऊन बघायचं होतं.

आता परत टेबलाकडे. दुपारी खांद्यावर दस्ती टाकलेले तीन-चार जण आले. एकाने पुस्तक चाळलं, शेवटच्या पानावर थांबला.

"व्यंकटच्या पोरीचं का हे?"

"हाव," मी आनंदात म्हणालो. "सगळं व्यंकटरावांनीच समजावून दिलंय."

"असं का. मंग घ्यावंच लागतंय." त्याने फोनवर स्कॅन करून पैसे दिले आणि सगळ्यांसाठी प्रती घेतल्या. मला वाटलं, गौरवच झाला.

काही आठवड्यांनी मीना ऑफिसात आली. बसली नाही.

"बाबांच्या दस्तीखाली कुणी हात घालंना झालंय, सर. आन् बाबा माझ्याशी बोलंनात. म्हणतात, लेकीनं विकलं मला."

पुढच्या बाजाराला मी एकटाच एसटीने गेलो. व्यंकटराव हॉटेलच्या बाकड्यावर बसले होते. धुतलेली दस्ती घडी करून मांडीवर. माझी ओळख सांगितली तर सरकून जागा दिली आणि चहा सांगितला.

"पुस्तक चांगलं हाय साहेब. चित्रं बी बराबर हायत," ते म्हणाले. "पर आता ते चालत न्हाई."

"म्हणजे?"

"बदललं त्यांनी. सगळी बोटं बदलली. आता नवीन काय हाय ते मला कुणी सांगत न्हाई."

समोर बाजार भरला होता. दोघांच्या हातांवर दस्ती पडली, हलली, निघाली. व्यंकटराव बघत होते. शेजारी उभा असलेला बैलाचा मालक बघतो तसं.

मी सांगितलं. मीनाने नको म्हटलं होतं, ते मी दाबलं, आणि बाजारात त्यांचं नाव मीच घेतलं. त्यांनी हातातली बशी बाकड्यावर ठेवली.

"न्हाई म्हणली होती ती?"

"हो."

"मला बोलली न्हाई तसं."

"तुम्ही बोलू दिलं नसेल."

"तुमी तरी कुठं दिलं," ते म्हणाले. मग खिशातून फोन काढून माझ्यापुढे धरला. "लावा तिला. मला बारीक अक्षर दिसत न्हाई." मी नंबर लावून दिला आणि बाकड्यावरून उठलो. मागून आवाज आला, "मीने, जेवलीस का?"

बापलेकीचं बोलणं सुरू झालं. बाजार मात्र व्यंकटरावांना परत मिळाला नाही. आता ते शेतीच बघतात. पहिली आवृत्ती संपली. गोडाऊनचा तो कोपरा खरंच रिकामा झाला, आणि मी डबा टेबलावर खायला लागलो. दुसऱ्या आवृत्तीत परिशिष्ट नाही. वाचक फोन करून विचारतात, शेवटचं पान कुठे गेलं. संचालक मध्यंतरी निवृत्त झाले. त्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही. हे वाचून कळेल.

शेवटचं प्रूफ हातात देताना लेखकाला मी आता एवढंच विचारतो, हे तुम्हाला कुणी सांगितलं, आणि छापायचं आहे हे त्यांना माहीत आहे का? बरेच जण प्रूफ परत घेऊन जातात. पुस्तकं उशिरा निघतात.