दोन्ही ब्रेक दाबा, राम राम म्हणा

दादानं त्या सकाळी ब्रेक दाबला होता का?

हे मी सगळ्यांना विचारलं. हवालदाराला विचारलं, दवाखान्यात स्ट्रेचर ढकलणाऱ्याला पण विचारलं. उत्तर कुणी दिलं नाही. उलट जो येतो तो दादाचा एक किस्सा सांगून जातो. दादा गेल्यापासून आमच्या गॅरेजात गाड्या कमी अन् किस्सेच जास्त येतात. ऐकून ऐकून थकलो. पण "उठा आता" असंही कुणाला म्हणवत नाही.

मस्तगडला आमचं इलेक्ट्रिक मोटरसायकलींचं गॅरेज. माझा मोठा भाऊ संतोष, मी आणि शकीलभाई मिस्त्री. शाळा मी लवकर सोडली. जे काही येतं ते दादानंच शिकवलेलं.

* * *

पारसशेठ कापडवाले. नवी गाडी घेतली आणि थोड्याच दिवसांत परत घेऊन आले. पुढच्या चाकातून जळका वास!

दादानं गाडी देताना त्यांना सांगितलं होतं, अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मोटरच चाकाला ओढून धरते, अन् तेवढी वीज परत बॅटरीत जाते. शेठनी त्यातलं त्यांच्या फायद्याचं तेवढंच ऐकलं.

"गाडी रोकली की चार्ज होती ना? मंग मी घरापासून ब्रेक दाबूनच आलो!"

"शेठ, ब्रेकचा लिव्हर दाबला की नुसते पॅड घासतात. चार्ज मोटर करती."

"म्हंजे माझी सगळी मेहनत?"

"वासात गेली!"

* * *

जाफराबादचे मास्तर एकदा चिडून आले. "संतोष, ही गाडी सकाळी माझं ऐकत न्हाई. संध्याकाळी बराबर ऐकती. अ‍ॅक्सिलरेटरवरचा हात सोडला की हळू व्हायला पाहिजे, तर तशीच पळून राह्यली!"

दादानं विचारलं, "रात्री फुल्ल चार्ज करता का?"

"बिलकुल फुल्ल."

"मंग तेच! मास्तर, पोट भरल्यावर कुणी आग्रह केला तर तुम्ही जेवता का? बॅटरी भरली की ती बी घेत न्हाई. ती घेत न्हाई म्हणून मोटर ओढत न्हाई. तवा हातानंच ब्रेक दाबावा लागतो."

मास्तर म्हणाले, "तुझी बॅटरी नशीबवान आहे. माझी बायको विचारत न्हाई, वाढतीच!"

हसलो सगळे. पण त्यांचे ब्रेक उघडले तर न वापरून पार जाम झालेले. दादाचं हसू तिथंच थांबलं.

तेव्हापासून गॅरेजचा नियम झाला. गाडी घेऊन जाणाऱ्यानं आधी दोन्ही लिव्हर दाबायचे, घट्ट लागतात का पाहायचं आणि दादाला राम राम म्हणायचं. त्याशिवाय तो चावी द्यायचा नाही. मग समोर कुणी का असेना!

* * *

पारसशेठच्या पोराचं लग्न. नवरदेव घोडीवर बसला, बँड सुरू झाला अन् घोडी बिथरून थेट मंडपात निघाली. लोक पळाले. शकीलभाई मात्र जागेवरून ओरडले, "अरे, दोन्ही ब्रेक दाब!"

पोरानं घाबरून दोन्ही हातांनी लगाम ओढला. घोडी उभी!

दादानं गर्दीतून हात जोडले, "राम राम, नवरदेव!"

* * *

दादा स्वतः मात्र ब्रेकला बोट लावायचा नाही. चहाच्या टपरीवर जाताना लांबूनच हात सोडायचा. गाडी आपोआप हळू होत बरोबर बाकड्यापाशी येऊन उभी राहायची. टपरीवरचे लोक बघत बसायचे.

शकीलभाई म्हणायचे, "संतोष, तुझ्या ब्रेकला जंग लागंल."

"लागू द्या. माझे पॅड माझ्यापेक्षा जास्त जगतील!"

ह्या किश्श्यावर टपरीवाला आता हसत नाही. मला बघितलं की गिऱ्हाइकाकडं वळतो.

* * *

चतुर्थीला सकाळी दादा राजूरच्या गणपतीला निघाला. बॅटरी फुल्ल होती. उतारावर कापसाचा ट्रॅक्टर आडवा आला. एवढंच माहीत आहे.

सवयीनं नुसता हात सोडला, की ब्रेकही दाबला? डावा लिव्हर मुळापासून मोडला होता. दाबताना मोडला की पडल्यावर, ते त्या तुकड्याकडं बघून कळत नाही.

ट्रॅक्टरवाला म्हणाला, "आता इचारून काय व्हतंय, बाळा?" मी त्याची कॉलरच धरली. शकीलभाईंनी सोडवलं.

* * *

तेराव्याला सगळे गिऱ्हाईक घरी जेवायला आले होते. निघताना पारसशेठनी गल्लीत दोन्ही लिव्हर दाबले अन् तसेच थांबले. राम राम कुणाला म्हणायचं ते त्यांना कळेना. इकडं तिकडं पाहिलं. शेवटी मला म्हणाले.

मी घरात निघून गेलो.

* * *

पोलिसांनी दादाची गाडी परत दिली. फ्रेम वाकलेली, चाक दुमडलेलं. आई म्हणाली, "माझ्या नजरेसमोर नको ती." भंगारवाला टेम्पो घेऊन आला. त्याचा माल सगळा एमआयडीसीतल्या भट्टीत जातो, वितळून त्याच्या सळया होतात.

मी म्हणालो, "थोडं थांबा."

ब्रेक उघडले. पॅड काढून पाहिले. जाड होते, जवळपास नवे. पुसून परत बसवले. पिना साफ केल्या, ग्रीस लावलं. डाव्या बाजूला नवा लिव्हर टाकला.

भंगारवाला वैतागला. "अरे, भट्टीत चालली ना गाडी? मंग नवा लिव्हर कशापायी लावून राह्यला?"

शकीलभाई त्याला म्हणाले, "चूप बस. काम चालू आहे."

गाडी टेम्पोत चढवली. मी पण वर चढलो. दोन्ही लिव्हर दाबले. घट्ट लागले.

"राम राम, दादा," म्हणालो आणि खाली उतरून चावी भंगारवाल्याच्या हातात दिली.