मोटरहोम आणि आईची पाण्याची बाटली

गेल्या महिन्यात एका रविवारी आई, बाबा आणि मी बोरिवलीहून अंधेरीला गेलो, एक सेकंडहॅन्ड मोटरहोम बघायला. मोटरहोम म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलरच्याच आत दोन बेड, शेगडी, छोटा फ्रीज आणि मागे संडास-बाथरूम.

बाबा रिटायर झाल्यापासून त्यांना एकच वेड होतं... गाडी काढायची आणि देश बघायचा. आईचं उत्तरही एकच, "तुम्ही जा, मी घर सांभाळते." कधी गुडघे, कधी पाहुणे, कधी कुंड्यांना पाणी कोण घालणार... तिच्याशिवाय बाबा जाईनात, त्यामुळे कोणीच कुठे जात नव्हतं.

गाडीचे मालक बेनी अंकल आणि रोझी आन्टी तिथल्या गावठाणातले, जुन्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती कुटुंबातले. या गाडीतून दोघं पार कन्याकुमारीला जाऊन आलेले. आता अंकलचा डावा गुडघा क्लच दाबू देत नाही, म्हणून विकायची होती.

मी माझ्या स्वभावाप्रमाणे तयारीने गेले होते. आरसीवर कॅम्पर व्हॅन अशी नोंद आहे का, टायर कधी बदलले, छत गळतं का... अंकल शांतपणे उत्तरं देत होते. बाबांची खरी शंका एकच होती आणि ती विचारायला त्यांना बराच वेळ लागला. संडासाची टाकी रिकामी कोण करणार?

"तुम्ही," अंकल म्हणाले. "पोरीचे लंगोट धुतले ना कधी?"

"नाही धुतले," बाबांच्या आधी आईच म्हणाली.

रोझी आन्टीने हसत आईचा हात धरला. "पुरुषांना इंजिन बघू दे. तू ये गं, तुला कामाची गोष्ट दाखवते." आणि तिला थेट मागच्या बाथरूमपाशी नेलं. मी त्यांच्या मागेच होते.

"खरं सांग," आन्टी म्हणाली, "प्रवासाला निघायचं असलं की पाणी पिणं कधी बंद करतेस?"

"आदल्या रात्री, जेवण झालं की," आई म्हणाली. इतक्या सहज, जणू कोणी तिला जेवणाची वेळ विचारली होती.

"मी पण तेच करायची. ही गाडी घेतली आणि सुटले."

मी तिथेच उभी राहिले. ऑफिसच्या टूरवर मी स्वतः हेच करते... हायवेवरचे संडास आठवून सकाळचा चहासुद्धा सोडते. तरी आईच्या गुडघ्यांवर आणि कुंड्यांवर माझा विश्वास बसला होता. खिडकीतून बाबांनीही ऐकलं असावं, कारण त्यांचे इंजिनाबद्दलचे प्रश्न अचानक थांबले.

आईने बाथरूमचं दार आतून लावलं, उघडलं, परत लावलं. मग पाण्याचा आवाज आला. बाहेर येऊन तिने बाबांना एवढंच सांगितलं, "कडी नीट लागते."

गाडी घ्यायची, हे तेव्हाच ठरलं.

कागदपत्रं झाली, गाडी घरी आणायचा दिवस आला. आमच्या पार्किंगची लांबी-रुंदी मी खडूने आखून ठेवली होती, चेअरमनकाकांची लेखी परवानगी घेतली होती. गाडी सोसायटीच्या गेटपर्यंत आली... आणि वॉचमनने दोन्ही हात वर करून थांबवली. गेटची कमान खाली, गाडीचं छत वर. आणि आमचं पार्किंग तर बिल्डिंगखालीच, त्याहून बुटकं.

उंची मी मोजलीच नव्हती. मुंबईत जागा म्हटली की आपण चौरस फूट बोलतो, उंची आपल्या हिशोबातच नसते. मागे रिक्षांचे हॉर्न, वर गॅलऱ्यांमध्ये शेजारी, कोणीतरी कमान तोडायचा सल्लाही दिला. बाबांनी स्टिअरिंगवरचे हात काढले आणि हळूच म्हणाले, "परत देऊन टाकू."

मीही मनातल्या मनात तेच वाक्य जुळवत होते. चूक माझी, अंकलना फोनही मीच करायला हवा.

आई मागच्या सीटवर पूजेचा नारळ मांडीवर घेऊन बसली होती. स्वतःसाठी तिने कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. साडी घेतानासुद्धा "तुला आवडली का?" असं मलाच विचारते. ती म्हणाली, "फोन दे." आणि तिने रोझी आन्टीला लावला.

"रोझी, गाडी आमच्या गेटातून आत जात नाही. परत नाही द्यायची मला. तुमच्या अंगणात होती, तिथेच उभी केली तर चालेल का?"

फोन स्पीकरवर होता. "चालेल काय विचारतेस? आमचा कुत्रा सकाळपासून त्या रिकाम्या जागेवर बसलाय, हलत नाही. घेऊन ये."

नारळ शेवटी गावठाणातच फुटला. भाड्याचं नाव आन्टीने काढू दिलं नाही. प्रत्येक ट्रिपहून तिथलं काहीतरी खायला आणायचं, एवढंच ठरलं.

परवा आम्ही पहिल्या ट्रिपला निघालो, डहाणूला. बोरिवलीहून डहाणूला जायला आधी उलटं अंधेरीला जायचं, यावर बाबा पूर्ण वाटभर कुरकुरत होते. गाडी काढली, आन्टीने काचेवर बोटाने छोटासा क्रॉस काढला, आईने त्याच काचेला हळदकुंकू लावलं.

घोडबंदरचा फाटा मागे पडला आणि आईने बाटली मागितली. दरवेळी ती बाटली घेते आणि मांडीवर धरून बसते. यावेळी तिने झाकण काढलं आणि प्यायला लागली... सावकाश, मध्ये दम घेऊन, पुन्हा.

"हळू, ठसका लागेल," बाबा आरशातून बघत म्हणाले.

"तुम्ही पुढे बघून चालवा."

आन्टी फेसबुकवर नाही, पण तिची सून हे वाचून दाखवेल. चिकू घेतलेत, रविवारी गाडी लावायला येऊ तेव्हा घेऊन येतो. आणि एक सांगायचं होतं, रोझी आन्टी... आई पाणी प्यायली. पूर्ण बाटली.