खळ्यावरचे बूट

त्या कार्तिकात रोज सकाळी मी त्यांच्या डाव्या पायाची पट्टी बदलत असे. औषधाच्या उग्र दर्पाखाली एक गोडसर, कुजका वास दडलेला असे. तळव्याला बोट लावलं तरी त्यांना कळत नसे. मधुमेहानं त्या पायातली जाणीवच नेली होती. पाय टेकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण माझे पती आमदार होते, दुसऱ्यांदा उभे होते, आणि प्रचार अखेरच्या टप्प्यात आला होता.

"आजारी माणसाला कोण निवडून देतं?" म्हणत ते पट्टीवर मोजा आणि मोज्यावर बूट चढवीत. ही जखम घराबाहेर कुणाला कळू द्यायची नव्हती.

सावली तालुक्याकडच्या धानपट्ट्यात त्या दिवसांत माणसं भेटतात ती खळ्यावर. आम्ही एका खळ्याशी थांबलो तेव्हा ऊन हळदीसारखं पसरलं होतं आणि शेणानं सारवलेल्या जमिनीवर धानाची रास होती. पाच वर्षांपूर्वी, पहिल्या निवडणुकीत, इथल्याच म्हातारीनं त्यांच्या हाती सूप दिलं होतं. तिनं ओळखलं.

"या भाऊ, राशीले हात लावा."

"सूप नका देऊ हो बाई त्याईले," दुसरी हसली. "मागच्या खेपेले अर्धा धान कोंड्यात गेला होता!"

सगळ्या खळखळून हसल्या. तेही हसले. रीत सर्वांना ठाऊक होती : पाहुणा कितीही मोठा असो, पायतण काठाशी उतरवायचं, राशीला हात लावून तो कपाळाशी न्यायचा. काठावरूनच परतावं, तर बोलावणं नाकारल्यासारखं. बूट काढावा, तर पिवळी पडलेली पट्टी साऱ्यांसमोर.

मी म्हणाले, "बाई, यांच्या पायाला..."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी थांबले.

आणि ते बुटांसह आत गेले. सारवलेल्या जमिनीवर टाचांचे ठसे उमटत गेले. ते वाकले, त्यांनी राशीला हात लावला. म्हातारीच्या हातातलं सूप थांबलं. कोंडा तेवढा हवेत तरंगत राहिला. आम्ही गाडीकडे वळलो तेव्हा मागून आवाज आला,

"आमदाराच्या पायाले आता जमीन टोचत असन."

टोचत असती, तर मी देवापुढे दिवा लावला असता.

ती गोष्ट आमच्या गाडीच्या आधी गावोगाव पोचली. पुढच्या खळ्यांवर आम्हाला आत या, असं कुणी म्हटलंच नाही. ते निवडणुकीत पडले, आणि त्या धानपट्ट्यानंच त्यांना पाडलं. निकालानंतर नागपूरच्या दवाखान्यात त्यांचं अर्धं पाऊल कापावं लागलं.

थंडी सरताना म्हातारी घरी आली, नव्या तांदळाचं गाठोडं घेऊन. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती.

"काऊन नाई सांगतलं, बाई?" तिचा स्वर रागाचाच होता. "काठाशी खाट टाकली असती. सूपभर धान त्याईच्या हातापाशी आणला असता."

मी तिच्या हातातलं गाठोडं घेतलं. आतल्या खोलीत कुबडी भिंतीला घासल्याचा आवाज झाला. मग त्यांनी जुन्या सवयीनं विचारलं, "बाई, औंदा धान कसा झाला?"

म्हातारीनं उंबऱ्याबाहेर चपला उतरवल्या आणि ती आत गेली.