शांतानं घर घेतलं

उमरेडहून भिंत पडल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. माझी धाकटी बहीण शांता तिथं एकटी राहायची. फोन तिच्या शेजारणीचा, कल्पनाचा होता. "आजी, शांतामावशी अंगणात भांडे घासून राहिली होती, मागची भिंत अंगावर आली. नागपूरले आणून राहिलो तिले." जिवंत आहे का, विचारलं. हो म्हणाली. मग मी हातातली जुडी निवडून संपवली. गाडी पोचायला वेळ होता आणि नुसतं उभं राहून काही होणार नव्हतं.

दवाखान्यात शांता नीट अशी एकदाच बोलली. मला ती बाई म्हणायची. "बाई, मले इथून परस्पर नेऊ नका." मी म्हटलं, आधी बरी तर हो. बरी होणार नाही हे तिलाही दिसत होतं, मलाही... आठवडा निघाला नाही.

आता महिना होऊन गेला. शिकलेली माणसं म्हणतात, उमरेडचं ते जुनं घर घेतलं म्हणून शांता गेली. खरं आहे. पण तिनं ते काहून घेतलं हे त्यांना माहीत नाही.

तिचा नवरा नागपूरच्या इतवारीत हातगाडी ओढायचा. दोघं तिथंच भाड्याच्या खोलीत राहिले, मूलबाळ झालं नाही. खोल्या बदलल्या, गल्ली तीच. नवरा गेला त्या दिवशी वर घरमालकाकडे हळद होती. मालक वाईट माणूस नव्हता. जिन्यात उभा राहून हात जोडून म्हणाला, "वहिनी, मंगलकार्य आहे, आत नका ठेवू." मग ठेवायचं कुठं? ज्या गाडीवर त्यानं जन्मभर लोकांची भांडी ओढली, तिच्यावरच त्याला गल्लीत ठेवलं. मागे टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. त्याला वाटलं माल आहे. शांता तेव्हा रडली नाही. घाटावरून माणसं परत आल्यावर मला म्हणाली, "बाई, मी माह्या सोताच्या दारातून जाईन." मी म्हटलं, मेल्यावर कोणत्या दारातून गेलो ते कोणाला कळतं? "गल्लीले कळते," ती म्हणाली.

नागपुरात घर घेण्याची तिची ऐपत नव्हती. उमरेडला एका विणकराचं जुनं घर स्वस्तात निघालं. माग केव्हाच विकला होता, मुलं दुसऱ्या कामाला लागली होती. भर पावसाळ्यात आम्ही दोघी बसनं पाहायला गेलो. पुढच्या खोलीत मागाचा खड्डा तसाच होता. विणणारा त्यात पाय सोडून बसतो तो खड्डा. आमचा बापही विणायचा. आमच्यात घर पाहायचं म्हणजे एकच पाहायचं, पावसाळ्यात खड्ड्यात पाणी निघतं का. पाणी निघालं की माग बंद, माग बंद की चूल बंद. शांता काठावर बसली, खाली वाकून तळाला हात लावला. हात कोरडा निघाला. झालं, घर पसंत.

विकणारा म्हणाला, "मावशी, खड्डा मी बुजवून देतो." ती म्हणाली, "राहू दे गा. चांगला कोरडा आहे." तिला काही विणायचं नव्हतं. मागाची एक काडी त्या घरात नव्हती. तरी तिनं खड्ड्याला हात लावला आणि मागच्या भिंतीला लावला नाही. बाप असता तर त्यानंही असंच केलं असतं.

मग रोज सकाळी उमरेडहून बस, इतवारीत कपड्याच्या दुकानात साड्यांना फॉल लावायचे आणि संध्याकाळी परत. पाय सुजायचे. पैसे जमले तसं तिनं आधी दार केलं. नवी चौकट, जाड फळ्या, पितळी कडी. मी गेले तेव्हा मागच्या भिंतीनं पोट काढलं होतं. म्हटलं, "बावळट, दाराले पितळ लावतं अन् भिंत पडाले आली. मिस्त्री बोलाव."

"दिवाळीनंतर पाहू वं," ती म्हणाली. "तू पहिले दार लावून पाह्य, आवाज कसा येते त्याचा."

मातीची भिंत पावसात पडत नाही. पाऊस थांबून कडक ऊन पडलं की पडते. तसंच झालं.

दवाखान्याबाहेर माझा मुलगा राजू म्हणाला, "आई, उमरेडले नेऊन काय करतं? घर पडलं मावशीचं. सारे लोक नागपुरात आहेत, इथूनच नेऊ." बाकीच्यांनीही माना हलवल्या. ऊन होतं, अंतर होतं, त्यांचं चुकत नव्हतं. मी म्हटलं, "भिंत पडली, दार उभं आहे. गाडी सांग."

पुढची खोली शाबूत होती, पण अरुंद. खड्डा सोडून जी जागा उरली तिथं तिला ठेवलं. उचलायची वेळ आली तर तिरडीच्या एका बाजूला खड्डा, तिथं माणसाला उभं राहायला जागाच नाही. राजू म्हणाला, मागून काढू, तिकडं सारं मोकळं आहे. मी काही बोलायच्या आत कल्पनाचा सासरा पुढे आला. म्हातारा, जन्मभर विणकाम केलेला. चप्पल काढली, काठावर हात टेकला आणि खड्ड्यात उतरला. आत उभं राहून त्यानं तिरडी खालून धरली, छातीपर्यंत उचलून पुढच्यांच्या हाती दिली. "चला, दारातून घ्या," म्हणाला. दार रुंद होतं. कोणाला तिरपं व्हावं लागलं नाही. गल्लीतली माणसं बाहेर येऊन उभी होती...

परवा मी उमरेडला गेले होते. मागून बकऱ्या आत येतात, खोलीत लेंड्या पडतात. मी झाडून काढलं, बाहेर आले, कडी घातली आणि कुलूप लावलं. कल्पना ओट्यावर तांदूळ निवडत होती. हसली. "आजी, मागून सारं उघडं आहे. कुलूप कायले लावतं?"

मी म्हटलं, "तिनं दारच घेतलं होतं वं." किल्ली कमरेला खोचली आणि बसस्टँडकडे निघाले.