गोशीगोशी आणि आईचा तवा

बिडाचा तवा चकचकीत करायचा नसतो, हे मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी जपानी शिकताना कळलं.

कंपनी मला ओसाकाला पाठवायच्या विचारात होती, म्हणून दर शनिवारी मी जपानीच्या क्लासला जायचो. तिथल्या बाई म्हणाल्या, जपानीत प्रत्येक कामाला आवाजाचा शब्द असतो. खसाखसा घासणं म्हणजे गोशीगोशी, आणि घासून लखलखलं की पिकापिका! "नुसते पाठ करू नका. काम करता करता म्हणा, म्हणजे अंगात मुरतील." (घरकामच माझ्या अंगात कधी मुरलेलं नव्हतं, हे त्यांना कुठून ठाऊक असणार!)

रविवारी सकाळी मी घासणी घेऊन सिंकपाशी उभा राहिलो. बायको दारातच थबकली.

"अरे, बरं वाटत नाहीये का तुला?"

"अभ्यास करतोय!"

"कर, कर. चांगला पीएचडीपर्यंत कर," म्हणत ती आंघोळीला गेली.

गोशीगोशी करत कढई झाली, कुकर झाला. हात मस्त बसला! मग कोपऱ्यात आईचा बिडाचा तवा दिसला. काळाकुट्ट, तेलकट. याला इतकी वर्षं कुणी नीट घासलंच नाही, या विचाराने मला घरातल्या बायकांची कीव आली. तारेची घासणी, पावडर, लिंबू, सगळं लावलं. खांदा भरून आला, पण तवा आतून करडा निघाला.

"पिकापिका!" मी ओरडलो.

आई पूजा अर्धवट टाकून धावत आली. तिने तव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुझ्या जन्माआधीपासून तेल पाजतेय त्याला. तुझ्याहून मोठा होता तो," ती म्हणाली. "आणि कामाचाही."

त्यातून त्या दिवशी कात्रजहून मावशी यायची होती, घावनं खायला! ही आईची धाकटी बहीण. तिची घावनं कायम फाटतात, आणि ती दरवेळी म्हणते, "ताईच्या हातात काही नाही गं, सगळं त्या तव्यात आहे." आई यावर फक्त हसायची आणि एक जाळीदार घावन अलगद तिच्या ताटात सोडायची. उत्तर तेवढंच.

त्या दिवशी पहिलं घावन तव्याला चिकटलं. दुसरं पट्ट्यापट्ट्यांनी निघालं. तिसरं मी उलथन्याने खरवडायला गेलो, तर आईने उलथनं माझ्या हातातून काढून घेतलं.

मावशीचा चेहरा मात्र नुकत्याच घासलेल्या तव्यासारखा उजळला. "बघ! मी म्हणतच होते! पण चव छान आहे हं ताई. चमचा दे."

पुढच्या शनिवारी तोंडी परीक्षा होती. आईचा माझ्याशी अबोला अजून सुटला नव्हता. बाईंनी विचारलं, "सध्या तुमच्या घरात कसला आवाज असतो?" मी तत्काळ म्हणालो, "शीऽऽन." अगदी चिडीचूप शांततेलासुद्धा जपान्यांनी आवाज देऊन ठेवलाय! बाई खूश झाल्या. वर्गात पहिला आलो.

घरी येऊन आईला ही बातमी सांगितली. तिने उत्तर दिलं, आणि तेही अस्खलित जपानीत.